नरहररावांचे बुजुर्ग

भिंतीवर पाल चुकचुकली की आमच्या गंगाखेडच्या शाळेतले सगळे शिक्षक बोटांनी टेबल वाजवून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणत. नरहरराव मात्र खुर्चीतून उठत, किंचित वाकत आणि भिंतीकडे बघून म्हणत, “आदाब अर्ज है, बुजुर्ग!”

निजामी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कालपर्यंत उर्दूत सायन्स शिकवणारे नरहरराव आता मराठीत शिकवत. म्हणजे निदान क्रियापदं मराठीत असत. बाकी राज्य बदललं म्हणजे कचेरीवरची पाटी बदलली आणि शेरवानीतली काही माणसं एका रात्रीत खादीत शिरली. “रंग तर पाल बी बदलती थोडाफार,” नरहरराव म्हणत, “पण ती भाषण न्हाई करत.”

पाल हे जगातलं सगळ्यात खानदानी घराणं, असं त्यांचं ठाम मत होतं. माणूस झाडावरून उतरायच्या कितीतरी आधी, भिंती नव्हत्या तेव्हाही, ती कडेकपारी चढत होती. “ह्यांच्या पूर्वजांना पापण्या होत्या. ह्यांनी त्या सोडल्या. आता जिभेनं डोळा पुसतात, पण झाकत न्हाईत. आहे तुमच्या खानदानात असा कोणी?”

दुःख एकच. या घराण्याचा सबूत मिळत नव्हता. रविवारी ते जुनी हाडं शोधत गोदावरीच्या दरडी उकरायला जात. नदीनं त्यांना एकदा हत्तीची दगड झालेली दाढ दिली. ती त्यांनी फेकून दिली. “मोठ्यांची हाडं आपोआप टिकतात, त्यात काय? पालीचं हाड उदबत्तीच्या काडीएवढं. चिखलात दबायच्या आधीच जातं. झाडाच्या राळेत अडकली तरच राहणार बिचारी.” ती दाढ हेडमास्तरांनी शाळेच्या दाराला टेकण म्हणून उचलून आणली. पुढे एक पुढारी आले तेव्हा तिला हळदकुंकू वाहिलं गेलं आणि भाषणात ती ‘आपल्या थोर परंपरेची साक्ष’ झाली. त्यानंतर ती पुन्हा दाराला लागली.

नरहररावांच्या घरी ते आणि त्यांची धाकटी बहीण सुमन, दोघंच. तिचं लग्नाचं वय उलटत चाललं होतं. अखेर ताडकळसचे पाहुणे बघायला आले. चार शब्द बोलायला म्हणून शाळेतला सोबतचा मास्तर या नात्यानं मलाही बसवलं होतं. पोहे झाले, मुलाच्या वडिलांनी सुपारी हातात घेतली, आणि आढ्यावरून पाल पडली ती थेट सुमनच्या डोक्यावरच्या पदरावर.

“कृष्ण कृष्ण!”

हे मी म्हणालो. अंधश्रद्धेविरुद्ध गणेशोत्सवात व्याख्यान देणारा मी.

“बघा,” पाहुण्यांनी सुपारी तबकात ठेवली. “तुमचे मास्तरच म्हणायलेत.”

नरहरराव उठले. “बसा, बसा! या जिवाला तर करोडो वर्षं—”

“तुमची पाल लय जुनी असंल, मास्तर. आमचं घराणं बी जुनंच हाय.”

आणि ते गेले. नरहरराव मला त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांनी बोरीचे पाहुणे येणार म्हणून मला पुन्हा बोलावणं आलं. घर चुन्यानं पांढरंफेक होतं. भिंतींवर एकही बुजुर्ग नव्हता.

“चुना देताना गेल्या असतील,” नरहरराव माझ्याकडे न बघता म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दाराशी सुमन हळूच म्हणाली, “दादानं फडक्यात धरून एकेक नदीपल्याड सोडली. त्या दिवशी जेवला न्हाई.”

बोरीची माणसं आली, जेवली, हसली. घरात काहीही पडलं नाही, कोणी चुकचुकलं नाही, मीही तोंड मिटून बसलो. आठ दिवसांनी नकार आला. त्यात कारण नव्हतं. पालीला दोष देण्याची सोय तेवढी गेली होती.

निरोप ऐकून सुमन भांडी आवरत म्हणाली, “दादा, घर लय सुनं लागायलंय. एखादी आण की परत.”

पुढच्या रविवारी नरहरराव नदीवर निघालेले मला दिसले. नेहमीची कुदळ खांद्यावर नव्हती. हातात पितळी डबा होता, आणि त्याच्या झाकणाला हवेसाठी भोकं पाडलेली होती.