सलाईनच्या स्टँडवरची बाई

आमच्या राजाजीनगरच्या बिल्डिंगमधल्या शेवंताक्का नवी वस्तू विकत घेत नाहीत. जुनी आणली की ती उंबऱ्याबाहेर ठेवतात, पाणी शिंपडतात आणि विचारतात, "कुणाची गं तू?" उत्तर मिळेपर्यंत तिला आत प्रवेश नाही. एक स्टूल दोन दिवस बाहेर ताटकळलं. तिसऱ्या दिवशी अक्का म्हणाल्या, "बोललं एकदाचं. न्हाव्याकडचं आहे."

अक्का मूळच्या निपाणीच्या. कपड्यांच्या कारखान्यात कॉलरी शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता घरच्या पुढच्या खोलीत शिलाई करतात. ती खोली एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या भंगारातून उभी राहिली आहे. कापायचं टेबल म्हणजे दोन पिंपांवर आडवं टाकलेलं डॉक्टरांच्या खोलीचं दार. दारावरची 'आत–बाहेर'ची सरकती पाटी शाबूत आहे आणि ती कायम 'आत'वर असते. बॉबिनी इंजेक्शनच्या ट्रेमध्ये. ब्लाउजचे साचे जुन्या एक्स-रेच्या फिल्मा कापून केलेले, खिडकीला टांगलेले. ऊन आलं की भिंतीवर कुणाच्या तरी बरगड्या हलतात.

"हा पाठीचा बघ," अक्का कौतुकाने दाखवतात. "खोकला होता बिचाऱ्याला. पण फिटिंग झकास."

आणि मग ती बाई. सलाईनच्या चाकांच्या स्टँडवर उभी, डोकं नाही, हात नाहीत, अंगभर तपकिरी चिकटपट्टी गुंडाळलेली. खोलीची फरशी थोडी उतरती आहे. सकाळी मशीनजवळ असलेली बाई संध्याकाळपर्यंत आपसूक खिडकीशी येऊन रस्ता बघत असते.

इथवर बिल्डिंगने सोसलं. पण चैत्रापासून बाईचं पोट वाढायला लागलं.

"आय अ‍ॅम नॉट जोकिंग," पुण्याहून आलेली शेजारीण केतकी म्हणाली. "लिटरली ग्रो होतंय ते. मी बाल्कनीत कपडे वाळत घालणं सोडलंय."

माझे बाबा गावोगाव 'भूत नसते' अशी पत्रकं वाटायचे. त्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं शिकले. त्यामुळे शहानिशा करायचं काम माझ्याकडे आलं. मी टेप घेऊन गेले. बाईची कंबर छत्तीस भरली. आठ दिवसांनी साडेसदतीस. मी टेप उलटीकडूनही लावून पाहिली. साडेसदतीसच.

त्याच आठवड्यात घरमालक अण्णा वर आले. रविवारपर्यंत ही बाई हलवा, नाहीतर खोली सोडा, म्हणाले.

"स्वल्प तडी, जरा थांबा अण्णा," अक्का दोरा ओवत शांतपणे म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात ती मोकळी होईल. मग काढते की."

अण्णा लिफ्टची वाटही न बघता जिन्याने उतरले.

मी मात्र हलले नाही. "अक्का, हे पोट कोण वाढवतंय?"

"मीच की. दर गुरुवारी."

ती बाई म्हणजे त्यांची मंजुळा होती. कॉलेजात असताना अक्कांनी तिला जुना टी-शर्ट घालून, वरून चिकटपट्टी गुंडाळून, मग ते पाठीवर कापून उतरवून तिच्या मापाचं अंग करून घेतलं होतं. पुढे मंजुळाने जातीबाहेर लग्न केलं. 'या उंबऱ्यात पाय ठेवू नको,' असं अक्काच म्हणाल्या होत्या. तिने ठेवला नाही. ती हेब्बाळला राहते. दर गुरुवारी अक्का बसने जातात, तिच्या गेटासमोरच्या स्टॉपवर बसतात, ती कामाला जाताना बघतात आणि घरी येऊन पट्ट्या सैल करून बाईच्या पोटात तेवढ्या चिंध्या भरतात.

"टेप कशाला लागते? माझी नजर आहे," त्या म्हणाल्या. भिंतीला हिरवा ब्लाउज लटकत होता. डोहाळजेवणासाठी शिवलेला, तसाच राहिलेला.

मला राग आला होता. स्टुलाला दोन दिवस उंबऱ्याबाहेर ठेवायचं, आणि पोटच्या पोरीला आयुष्यभर? तसं मी बोललेही. अक्कांनी मशीन चालू केली. टाका वाकडा गेला. त्यांचा टाका वाकडा गेलेला मी कधी पाहिला नव्हता.

अण्णा त्या रविवारी आले नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत.

मग एका शुक्रवारी मी गेले, तर बाईचं पोट सपाट. पाठ उसवलेली, आत पोकळ.

अक्का खाली बसून दुपटी शिवत होत्या. पोटात भरलेल्या चिंध्या म्हणजे त्यांच्याच धुऊन धुऊन मऊ झालेल्या साड्या होत्या.

"मुलगी झाली," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तिच्या गेटावरच्या वॉचमननं सांगितलं. तू नेऊन देतीस का पोरी? माझं नाव नको सांगू."

"आमच्या घरात बिननावाचा कागदसुद्धा वाटत नाहीत, अक्का. खाली नाव नसेल तर मी नेणार नाही."

"आणि मीच गेले नि तिनं मला दारातच उभं केलं तर?"

"तर उभं राहायचं. दोन दिवस."

भिंतीवर बरगड्या हलत होत्या. मग अक्का उठल्या. दुपटी आणि हिरवा ब्लाउज पिशवीत घातला. टेबलाच्या दारावरची पाटी जोर लावून 'बाहेर'वर सरकवली. ती करकरली.

रस्त्यावर आल्यावर मी वर पाहिलं. बाई खिडकीशी आली होती. सकाळचे जेमतेम दहा वाजले होते. एवढ्या लवकर ती कधी येत नाही.

"बघू नको वर," अक्का म्हणाल्या. "बस चुकेल."