कोपरा फाटलेले सात कागद

उधळपट्टीचा निषेध कोऱ्या कागदावर करायचा नाही, असे सुवालालने ठरवले आणि पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

उंबरपेठ हे जुन्नर आणि घोडेगाव यांच्या मधले बाजाराचे गाव. एकच रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना मिळून चौदा दुकाने. त्यातले कापडाचे दुकान सुवालालचे. त्याचे आजोबा मारवाडातून आले होते, पण सुवालालला तिकडचा रस्ता माहीत नव्हता. पुण्याहून आठवड्याला एक वर्तमानपत्र त्याच्याकडे येई आणि तो ते दुकानाच्या पायरीवर बसून मोठ्याने वाचे. १९११ सालच्या कार्तिकात त्यात छापून आले की, हिंदुस्थान सरकारच्या डोक्यावर कित्येक कोटींचे कर्ज आहे. त्याच पानावर खाली असेही होते की, डिसेंबरच्या बारा तारखेला दिल्लीत बादशहाचा दरबार भरणार असून गावोगाव रोषणाई आणि आतषबाजी व्हायची आहे.

"सरकारला कर्ज देतं तरी कोण?" धर्माजीने विचारले. धर्माजीची जमीन गावाला लागून होती आणि वर्तमानपत्राच्या दिवशी तो न चुकता पायरीवर असे.

"विलायतेतले सावकार."

"आन् फेडतं कोण?"

"आपण. शेतसाऱ्यातून, मिठाच्या पट्टीतून."

धर्माजीने आपला अंगठा पुढे धरला. "मंग त्या कागदावर आंगठा कुणाचा हाय? म्या तर उठवल्याला न्हाई."

"आपल्याला विचारत नाहीत, धर्माजी."

"हे बरंय. जेवायला बोलवायचं न्हाई आन् उष्टी काढायला मातर आमी."

सुवालाल हसला नाही. त्याला त्या बातमीतले कोट्यवधी रुपये दिसत नव्हते, भादव्यातला माळ दिसत होता. भादव्यात गावात प्लेग शिरला आणि सगळे माळावर राहायला गेले. पाऊस लागून राहिला होता. झोपड्यांसाठी अर्ज केला, त्याला तीन आठवड्यांनी वरून उत्तर आले की, खजिन्यात शिल्लक नाही. तोवर सुवालालचा धाकटा भाऊ पोपटलाल एका गळक्या पालाखाली चार दिवस तापाने फणफणून गेला होता. तीस वर्षांचे वय. खांदा द्यायला चौघे मिळेनात, म्हणून पुढे सुवालाल आणि धर्माजी आणि मागे एकटा गेणू हमाल, असे तिघांनीच त्याला नेले. प्लेगाच्या घरचे पत्र हातात कोण घेणार, म्हणून नातेवाइकांना कागद लिहिला नाही. कोणी भेटायलाही आले नाही. पोपटलालची बायको जतनबाई त्या दिवसापासून रडली नव्हती. रडायला शेजारी कोणी बसावे लागते, आणि बसायला कोणी नव्हते.

आता त्याच खजिन्यातून रोषणाई होणार होती. सुवालालला एकच गोष्ट हवी होती. त्या दिवशी आपल्या दारासमोरच्या रस्त्यावर एकही पणती लागू नये, एकही बाण उडू नये. एवढे झाले तर भावासाठी आपण काहीतरी केले, असे त्याला वाटणार होते.

तो बाकीच्या तेरा दुकानदारांकडे गेला. तेराही जणांनी त्याला टेकायला तक्क्या दिला, पाणी दिले आणि सांगितले, "शेठ, मनातून आम्ही तुमच्याबरोबर आहोत. फळ्या तेवढ्या उघड्या ठेवू."

मग त्याने ठरवले की, आसपासच्या सात बाजारगावांतल्या आपल्या नात्यातल्या दुकानदारांना लिहायचे. त्यांनी दुकाने बंद ठेवली, तर गावातल्यांनाही लाज वाटेल. उत्सवाच्या कमिटीने वाटायला म्हणून छापील पत्रकांचा एक गठ्ठा त्याच्याच दुकानात आणून टाकला होता. पत्रकांची मागची बाजू कोरी होती. ही कोरी बाजू असताना नवा कागद घेतला, तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय, असा विचार करून त्याने सात पत्रके घेतली आणि मागे लिहिले: 'बारा तारखेला दुकान बंद ठेवावे. घरात गोडधोड करू नये. दिवा लावू नये. आमच्या दुःखात सामील व्हावे.' सरकार हा शब्द त्याने मुद्दामच घातला नाही. कागद भलत्याच्या हाती पडला तर काय घ्या.

ते कागद त्याने गेणूच्या हवाली केले. "सात घरी द्यायचे. आणि कोणी काही विचारलं तरी तोंड उघडायचं नाही."

"न्हाई उघडत, शेठ."

गेणू पन्नाशीचा, विश्वासू आणि भारी सावध माणूस. त्याला वाचता येत नव्हते. पण ओढ्याकाठी भाकरी खायला बसल्यावर त्याने कागद उलटून पाहिले, तर पत्रकाच्या कोपऱ्यात एक मुकुट छापलेला. मुकुट त्याला ओळखीचा होता. तो पोलिसाच्या पट्ट्यावर असे. पुढे बादशहाचा मुकुट आणि मागे शेठचं गुपचूप लिहिणं, हे पकडलं गेलं तर शेठ आत जाणार आणि आपण त्याच्या मागोमाग. गेणूने सातही कागदांचा मुकुटाचा कोपरा नीट फाडून काढला. मुकुट फेकून देणेही बरे नव्हे, म्हणून ते सातही तुकडे त्याने एका धोंड्याखाली ठेवले आणि हात जोडून तो वाटेला लागला.

आता गेणूला जे माहीत असायचे कारण नव्हते, ते सांगायला हवे. मारवाडी घरांत लग्नाच्या कागदावर कुंकवाचे शिंतोडे असतात आणि मरणाच्या कागदाचा कोपरा फाडलेला असतो. असा कागद घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्यानेच वाचायचा, फाडून टाकायचा आणि डोक्यावरून अंघोळ करायची. सात गावच्या सात कर्त्या माणसांनी तसेच केले; कागद उलटून कोणी पाहिला नाही. कागदात होते तेही अशा कागदात असते तेच: दुखवट्याची तारीख, बंद दुकान, न लावलेला दिवा. गेलेल्याचे नाव तेवढे नव्हते, पण नावाची गरज कुणाला वाटली नाही. सुवालालची आई धापूबाई सत्तर वर्षांची होती.

मंचरच्या बन्सीलालने तरी गेणूला विचारले होते. धापूबाई त्याची आत्या. "शेवटी त्रास झाला का रे फार?"

गेणूने मान खाली घातली आणि तोंड उघडले नाही.

बारा तारखेला दुपारी सुवालालने आपल्या एकट्याच्या दुकानाला फळ्या लावल्या. रस्त्यावर कमान उभी होती, पणत्यांच्या रांगा मांडून झाल्या होत्या आणि तेरा दुकाने सताड उघडी होती. धापूबाई ओट्यावर उन्हात बसून सुपातल्या डाळीतले खडे वेचत होती. तेवढ्यात वेशीकडून बायकांचे रडणे ऐकू आले.

"कोण गेलं असेल रे?" धापूबाईने विचारले.

"कळत नाही, बाई." आईला तो बाई म्हणत असे.

एकामागून एक अकरा बैलगाड्या आल्या आणि त्यांच्याच दारापुढे थांबल्या. पुढच्या गाडीतून बन्सीलाल उतरला. डोक्याला दुखवट्याचे पांढरे पागोटे, डोळे लाल. तो ओट्यापाशी आला आणि सुपापुढे खिळल्यासारखा उभा राहिला.

"भुवा," तो म्हणाला, कारण त्यांच्यात आत्याला भुवा म्हणतात. "तुम्ही बसलात?"

"मग काय आडवी होऊ? एवढी माणसं घेऊन कुणीकडे निघालास? कोण गेलं?"

बन्सीलाल म्हणाला, "तुम्हीच."

धापूबाईने हातातला खडा बाजूला टाकला. "मला कुणी सांगितलं नाही ते."

मागच्या गाड्यांतल्या बायकांना पुढचे काही दिसत नव्हते, त्यामुळे रडणे चालूच होते. तिच्या गुणांची एकेक आठवण काढून त्या रडत होत्या, आणि धापूबाई कान देऊन ऐकत होती. "ती नारायणगावची," ती म्हणाली, "मी जिवंत असताना माझ्याबद्दल एवढं चांगलं कधी बोलली नव्हती."

सुवालालने चौकशी केली. गेणूने ओढ्याकाठची सगळी हकीकत सांगितली आणि वर म्हणाला, "तुमच्या भल्यासाठीच केलं, शेठ." सुवालालला आता सारे उमगले. सात गावांत कुठलेही दुकान निषेधाने बंद नव्हते. जी बंद होती, ती त्याच्या धडधाकट आईसाठी बंद होती.

"झालं ते झालं," तो बन्सीलालला म्हणाला. "मला माफ करा. जेवा आणि माघारी जा."

बन्सीलालने मान हलवली. "जेवा कसलं म्हणतोस, सुवाभाऊ. कागद फाडून, अंघोळ करून निघालोय. वेशीपासून बायका रडत आल्यात. दुखवट्याला निघालेला माणूस न बसता माघारी फिरला, तर ते दुःख त्याच्या मागोमाग त्याच्याच घरी येतं. बसावं तर लागेलच. पण बसायचं कुणाच्या नावानं?"

धापूबाईने सूप बाजूला सारले.

"माझा पोपट गेला तेव्हा तुमच्यातलं एकही माणूस आलं नव्हतं," ती म्हणाली. "तुमचा दोष नाही, दिवसच तसे होते. पण आलाच आहात तर त्याच्यासाठी बसा. माझ्या वेळी मात्र पुन्हा यावं लागेल. एकदा जाऊन आलोय, असं म्हणायचं नाही."

बायका तोंडावर पदर ओढून आत गेल्या आणि जतनबाईच्या भोवती बसल्या. पुरुष ओट्यावर आणि ओट्याखाली रस्त्यात बसले. आतून आधी नुसती कुजबुज आली, मग रडणे. थोड्या वेळाने त्यात आणखी एक आवाज मिसळला. तो कुणाचा, हे ओळखायला सुवालालला जरा वेळ लागला, कारण साडेतीन महिन्यांत त्याने तो ऐकला नव्हता.

समोरच्या दुकानदाराने हे पाहिले आणि फळी उचलली. सरकारची भीती होती, पण रस्त्यात दुखवटा बसलेला असताना तागडी हलवणे कुणालाच जमणारे नव्हते. एक फळी लागली, मग दुसरी. घटकाभरात तेराही दुकाने बंद झाली. मांडलेल्या पणत्या लोकांनी मुकाट्याने उचलून आत नेल्या.

दिवस कलताना उत्सवाची मिरवणूक आली. पुढे ताशा, मागे आतषबाजीचा खोका आणि त्यामागे घोड्यावर सर्कलसाहेब. आसपासच्या गावांचा शेतसारा वसूल करायचे काम त्यांच्याकडे असे. पांढरी पागोटी दिसताच ताशेवाल्याने आपणहून हात थांबवला.

"वाजव," साहेब म्हणाले.

"माणूस गेल्यालं हाय जनू," ताशेवाला म्हणाला. "इतं वाजवत न्हाईत." आणि त्याने ताशा गळ्यातून काढून ठेवला.

साहेब घोड्यावरून उतरले आणि सुवालालपुढे उभे राहिले. "तुम्ही बाजार बंद करायच्या खटपटीत होता, असं माझ्या कानावर होतं. हा निषेध आहे का?"

सुवालालने तोंड उघडले. एवढे दिवस त्याला हा प्रश्न कुणी विचारावा असे वाटत होते. पण मागे अकरा गाड्यांतली माणसे बसली होती, आणि ती निषेधाला आलेली नव्हती.

"दुखवटा आहे, साहेब."

"कोण गेलं?"

"भाऊ."

"कधी?"

"भादव्यात."

"भादव्यात गेला आणि रडता आज?"

"तेव्हा रडायला जागा नव्हती, साहेब," सुवालाल म्हणाला. "झोपड्या मंजूर झाल्या नव्हत्या."

झोपड्यांचा अर्ज साहेबांच्याच हातून वर गेला होता. आतले रडणे त्यांनी थोडा वेळ ऐकले, मग हलक्या आवाजात म्हणाले, "मी दुखवटा असंच लिहितो. दुसरं काही बोलू नका. त्यातच तुमचं भलं आहे." खोका गाडीवर चढला. त्या संध्याकाळी उंबरपेठेत एकही पणती लागली नाही, एकही बाण उडाला नाही. अंधारात बसलेल्या सुवालालला पहिल्यांदाच जरा मोकळे वाटले.

ते मोकळे वाटणे पंधरा दिवस टिकले. मग कचेरीतून लखोटा आला. धर्माजी पायरीवर होता. सुवालालने सवयीने मोठ्याने वाचले: 'उंबरपेठ येथील व्यापाऱ्यांच्या खासगी दुःखामुळे आनंदोत्सव तहकूब झाला, याबद्दल सरकारला सहानुभूती वाटते. निषेधाचा प्रकार कोठेही आढळला नाही. सबब, सदर गाव उत्सवास मुकू नये म्हणून दुखवटा संपताच तो पुन्हा करावा. पूर्वीची आतषबाजी सर्द झाल्याने नवी आणावी. कमान, पणत्या व ताशा यांचा जादा खर्च मंजूर आहे. दुखवटा कधी संपतो ते उलट टपाली कळवावे.'

धर्माजीने बोटांवर मोजले. "म्हंजी एकाच्या जागी दोन झालं. सुवाशेठ, तुमचा निषेध सरकारला लई म्हाग पडला. आता थांबा, न्हाईतर तिसरा व्हईल."

सुवालालने कागद पुन्हा एकदा मनात वाचला. झोपड्यांना नसलेला पैसा आता दोनदा जळणार होता, आणि तो त्याने जाळायला लावला होता.

धापूबाई आतून आली. तिने सगळे ऐकले होते. "संपताच म्हणजे कधी?"

"ते आपण कळवायचं आहे, बाई."

"मग लिही. तरण्या माणसाचा दुखवटा आमच्यात वर्षभर धरतात."

"एवढा कोणी धरत नाही."

"नाही?" धापूबाईने आत जतनबाईच्या खोलीकडे पाहिले. "तिला विचारून लिही."

सुवालालने विचारले नाही. 'वर्षभर' असे लिहिले आणि खाली सही केली.