एडेल्मीराबाईंच्या घराची स्वारी

घराची मागली भिंत आणि समुद्राने खाल्लेली दरड यांत अंतर चार वीत एक बोट. गेल्या साली सहा वीत होते. मोजणी आमच्या हातची, सबब खात्रीची. ते समस्तांस कळावे म्हणोन ही हकीकत लिहिली ऐसीजे.

मौजे पिलकुरा, चिलोए बेट, मुलूख चिली, धुराडी सात, बटाटे उदंड. येथील रयत शेजाऱ्याचे वावर न सांगता नांगरून देईल, परंतु तोंडावर प्रश्न विचारणे बेअदबी मानते. विधवा एडेल्मीराबाई, वय बहात्तर, यांचे लाकडी घर दरडीवरून ओढून न्यावे ही मसलत सात वर्षे चालली. कोठे न्यावे, हे बाई सांगेनात. रीत ऐसी, की घरधनिणीने जागा सांगावी, मग मेंढा शिजवावा, आणि जो जेवला त्याने घर ओढावे.

यंदा मेंढा शिजला. समस्त फौज जेवली, आणि प्रत्येकास वाटले, जागा दुसऱ्याने विचारली असेल. आम्हीही जेवलो, विती मोजल्या, प्रश्न विचारला नाही. मग घराखाली ओंडके सारले, आणि बारा बैल जुंपले, आणि सरदार एव्हारिस्तो चिग्वाय यांनी कूच केले. घर चालू लागले, बाई आत, चूल पेटती. चढ चढून, कुंपण मोडून, दोनशे पावलांवर पुढली जोडी अडली ती हलेना. ती जोडी बाईंची धाकटी बहीण ओतिलिया यांनी मुकाट धाडलेली. सवयीने आपल्या वावरात आली. आणि उभयतां भगिनींत, आईच्या जांभळ्या बटाट्याचे बियाणे कोणी राखावे यावरून, नऊ वर्षे अबोला!

ओतिलिया खुरपे घेऊन धावल्या.

"अगं ए, घरासकट आलीस? लोक नुसती पिशवी घेऊन येतात!"

खिडकी उघडली. "तुझ्या बैलांना विचार. मी रस्सा ढवळत होते."

"माझे बटाटे चिरडलेस!"

"उथळ लावलेस. आई असती तर कान पिळला असता."

तेव्हा एव्हारिस्तोंनी टोपी काढली. "ताई, कुठं न्यायचं ते सांगा बरं एकदाचं. बैल दमलेत, मीही दमलोय."

जागेविषयी सात वर्षांत हा पहिला प्रश्न. फौज जमिनीकडे पाहू लागली. ओतिलियांनी सरीतून एक जांभळा बटाटा उचलला, झग्याला पुसला आणि खिडकीत ठेवला.

येणेप्रमाणे पिलकुऱ्याची फत्ते जाहली. खराबी, कुंपण एक, सऱ्या तीन. बाईंचा हुकूम जैसा सुटला तैसा लिहिला:

"इथंच टेकवा. पण दार तिच्या दाराकडं करा."