सी ड्राइव्हचं नाव

यमुनाअक्कांच्या संगणकाच्या सी ड्राइव्हला मी स्वतःचं नाव दिलं. नवीन विंडोज घालून झालं, यंत्रानं ड्राइव्हचं नाव विचारलं, आणि जळगावात कॉम्प्युटरचे क्लास चालवणाऱ्या माझ्यासारख्याला तेवढा मोह आवरला नाही.

अक्का सावद्याच्या एका केळी सोसायटीत कारकून. पन्नाशीच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. रोज सकाळी मशीन सुरू करताना त्या सगळ्यांना खोलीबाहेर काढत, चेअरमन आबांनासुद्धा. पाच मिनिटांनी दार उघडून म्हणत, "या आता. उठलं." उन्हाळ्यात स्वतः पदरानं वारा घेत आणि पंखा मशीनकडे वळवत. कुणी कीबोर्ड बडवला की धुळ्याचं माहेर जिभेवर येई, "मशीन शे ते, म्हैस नही."

त्या भाचीच्या लग्नाला धुळ्याला गेल्या आणि आबांनी मला गुपचूप बोलावलं. "त्या नाहीत तोवर नवीन घालून टाका, मास्तर."

घातलं. सगळी माहिती आधी फ्लॉप्यांवर उतरवली होती, ती परत चढवली. प्रोग्रॅम मात्र उघडेना. तो करून देणाऱ्यानं त्याला कुलूप घालून ठेवलं होतं: ड्राइव्हचं नाव पहिल्या दिवसापासून जे होतं तेच हवं. जुनी डिस्क पुसताना मशीननं ते नाव माझ्याकडून टाइपही करून घेतलं होतं. मी स्क्रीनवर बघून एकेक अक्षर दाबलं आणि दुसऱ्या क्षणी विसरलो.

दुपारचे दोन वाजले होते. स्टेशनात वॅगनी लागलेल्या. कुणाची केळी कोणत्या वॅगनमध्ये, ती यादी या प्रोग्रॅममध्ये. चारला गाडी सुटणार. बाहेर ट्रॅक्टरांवर घड उन्हात तापत होते आणि शेतकरी खिडकीतून माझ्याकडे बघत होते. मी सोसायटीचं नाव घालून पाहिलं, गावाचं, देवांची. आबा म्हणाले, "जातीची नावं घाला, केळीच्या." तीही घातली.

अडीचला लग्नघरी फोन लागला. मागं बायकांचा गलका.

"अक्का, सी ड्राइव्हचं नाव काय होतं?"

पलीकडे नुसत्या बांगड्या वाजल्या.

"अक्का?"

"मी येते तिकडं."

"धुळ्याहून येईस्तोवर गाडी गेलेली असेल."

"मग चिठ्ठी लिहून धाडते कुणाबरोबर."

आबांनी फोन हिसकला. "अक्का, माल सडेल. नुसतं नाव सांगा." मग त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. पलीकडे कुणी बाई हसत म्हणत होती, "काय अक्का, कुणाचं नाव विचारताहेत?" शेवटी तोंडापुढे पदर धरल्यासारखा आवाज आला.

"सोपान."

फोन बंद झाला. मी ड्राइव्हचं नाव बदललं. इंग्रजीतली पाच अक्षरं. प्रोग्रॅम उघडला, यादी छापून निघाली आणि पावणेचारला शेवटची वॅगन भरली.

आबा मात्र खुर्चीत बसूनच होते. "सोपान म्हणजे त्यांचा नवरा," ते म्हणाले. "एकोणीस वर्षांपूर्वी भुसावळ स्टेशनावर अक्कांना बाकावर बसवून पाणी आणायला गेला. आलाच नाही. आमच्या गावात त्यांच्या तोंडून ते नाव कुणी ऐकलेलं नाही."

दोन दिवसांनी मी माफी मागायला सावद्याला गेलो. अक्का पत्र टाइप करत होत्या.

"चुकलंच माझं, अक्का. पण मशीनला हे नाव कशाला?"

"तोंडानं घ्यायचं नसतं, मास्तर. बोटांनी लिहू नये असं मला कुणी सांगितलं नव्हतं." त्यांनी पत्र बाजूला सारून काळ्या पडद्यावर फायलींची यादी मागवणारं 'डिर' टाइप केलं. फायलींच्या रांगेच्या वर, पहिल्या ओळीत, ड्राइव्हच्या नावाच्या जागी तो होता. "सकाळी एवढं बघते. मग कामाला लागते."

पत्र पुन्हा पडद्यावर आलं. टेबलावर रेलून मी काहीतरी धीराचं बोलू लागलो. माणसं परत येतात, आशा सोडू नये, असलं काहीसं.

अक्का माझ्याकडे न बघता पडद्याकडेच बघत होत्या.

"यायचे तेव्हा येतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी कोपर उचला. माझ्या पत्रात पानभर नुसते 'के' उमटलेत. तुमच्याकडे पोरं शिकायला येतात तरी कशी?"