सेतूअण्णा आणि कंपनीचं कुलूप

सेतूअण्णांकडे गेलं की पाणी नंतर, कॉफी त्याहून नंतर. आधी प्रश्न येतो, "खिशांत वायर आहे काय?" असली तर ती दारातल्या खुंटीला अडकवायची आणि मग आत जायचं. भाचीला बघायला आलेल्या पाहुण्यांकडूनही अण्णांनी मोबाइलची वायर काढून घेतली होती. लग्न जमलं, पण पाहुणे अजून ती वायर मागतात.

या सगळ्याला कारण अण्णांचा कॅल्क्युलेटर. साधा नव्हे, समीकरण दिलं की छोट्या पडद्यावर त्याचा आलेख काढून दाखवणारा. अमेरिकेतल्या मुलानं पाठवलेला. अण्णा वीजखात्यातून निवृत्त झाले आणि तंजावुरात आमच्या समोरच्या घरात राहायला आले. निवृत्तीनंतर लोक तिरुवैयारूला जाऊन गाणं ऐकतात. अण्णा या यंत्राच्या पोटात शिरले. थेट यंत्राच्या भाषेत त्यांनी पंचांग लिहिलं, वाघबकरीचा खेळ लिहिला आणि सिक्कु कोलमही लिहिलं. सिक्कु कोलम म्हणजे टिंबांभोवती एकाच रेषेनं विणत न्यायची आमच्या गावची रांगोळी.

कंपनीला हे खपलं नाही. परीक्षेत मुलं कॉपी करतील म्हणून तिनं नवी आवृत्ती काढली. वायरीनं कॉम्प्युटरला जोडून ती एकदा आत गेली की यंत्राच्या भाषेला कायमचं कुलूप, आणि परत फिरायला वाट नाही. तेव्हापासून अण्णा यंत्र फक्त भिंतीतल्या विजेवर चार्ज करत आणि कंपनीला पत्रं लिहीत. "मी एकाहत्तर वर्षांचा आहें. मला कोण परीक्षेला बसवणार, तें कळवावें," हे त्यांतलं सर्वांत सौम्य पत्र. उत्तर दर वेळी एकच यायचं: आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत.

एक सोपी भाषा कंपनीनं मोकळी ठेवली होती, पण ती फार मंद. "तींत कोलम काढूं लागलों," अण्णा म्हणत, "तर मार्गळी संपून तै महिना येईल आणि रेष अजून दुसऱ्या पुळ्ळीशीं असेल." पुळ्ळी म्हणजे टिंब.

मार्गळी या थंडीतल्या तमिळ महिन्यात आमच्या गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका पहाटे दारात रांगोळी काढतात. सगळ्यांत मोठी असते ती अण्णांच्या पत्नीची, कमलावैनींची. त्या वाकून पीठ सोडत असतात आणि शेजारी अण्णा यंत्र हातात धरून, त्याचा पडदा वैनींकडे करून उभे. गल्लीला ही करमणूकच होती. बायको राबते आणि म्हातारा खेळण्याशी खेळतो, असं मीही दोनचारदा बोलून घेतलंय.

गेल्या मार्गळीत एकदा अण्णा श्राद्धासाठी पापनाशमला गेले होते. गल्लीत दुपारपासून वीज नव्हती. वैनी यंत्र पदरात गुंडाळून माझ्याकडे आल्या. "ह्यांत जीव नाहीं उरला. हे येतील तोंवर थोडी वीज घाल कीं."

मी कॉलेजात गणित शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत त्याच कंपनीचे कॅल्क्युलेटर आहेत, त्यामुळे माझ्या लॅपटॉपवर कंपनीचा प्रोग्रॅम होता. लॅपटॉपच्या बॅटरीवर चार्ज होईल म्हणून यंत्र त्याला जोडलं. नवी आवृत्ती घ्यायची का, असं लॅपटॉपनं विचारलं. लॅपटॉपनं काहीही विचारलं की हो म्हणायची मला सवय. मी हो म्हटलं. इतकी वर्षं खुंटीला वायर अडकवून आत जाणारी मी. काय केलं ते कळलं तेव्हा वायर उपटली, पण कुलूप पडून गेलं होतं.

संध्याकाळी अण्णा आले. मी सगळं सांगितलं आणि बोलणी खायला मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी दोनचार बटणं दाबली, यंत्र मांडीवर ठेवलं. वैनी स्वैपाकघरात आहेत याची खात्री करून हळूच म्हणाले, "अस्कें गेलें. कांहीं उरलें नाहीं. जाऊं दे. पण उद्यां सकाळीं तिचें काय करूं?"

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षं झाली, रांगोळी अर्ध्यावर आली की रेष पुढं कुठं वळवायची ते वैनींना आठवत नाही. पहिल्यांदा हे झालं तेव्हा चिमटीत पीठ धरून त्या तशाच बसून राहिल्या होत्या, गल्ली बघत होती. त्यानंतर अण्णांनी "मला शिकीव" म्हणत म्हणत त्यांची एकेक रांगोळी टिंबाटिंबानं यंत्रात भरली. वैनींच्या हाताच्या चालीनं रेष पुढं जाईल अशी ती बसवली. त्या नुसती नजर टाकत आणि हात पुढं चाले.

"रस्ता मला हंसतो, तिला नाहीं," अण्णा म्हणाले. "बरें चाललें होतें."

मी घरी येऊन रडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पिठाचा डबा घेऊन मी दारात आले, पण माझं लक्ष समोर होतं. वैनींनी टिंबं मांडली. अण्णा नेहमीसारखे यंत्र धरून उभे होते, फक्त आज पडदा त्यांनी स्वतःकडे वळवला होता. वैनींची रेष निम्म्यावर आली आणि हात थांबला. शेजारच्या दारातल्या दोघी वळून पाहू लागल्या.

"उजवीकडे," यंत्रात बघत अण्णा म्हणाले. "वर. आतां पुळ्ळीला वळसा. खालीं."

हात चालू लागला. मी रस्ता ओलांडून त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. पडदा काळा होता. यंत्र त्यांनी सुरूच केलं नव्हतं. एकेक टिंब भरता भरता वैनींच्या सगळ्या रांगोळ्या त्यांना पाठ झाल्या होत्या. मला तिथंच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

वैनींनी वर पाहिलं. "आज वाचून दाखवतां? रोज तें गप्प असतें."

"नवी आवृत्ती आली," अण्णा म्हणाले. "कंपनीनें मोठ्यानें वाचायची सोय दिल्ही."

"बरीं माणसें दिसतात," वैनी म्हणाल्या. "तुम्ही उगीच त्यांस शिव्या देतां."

"चुकलेंच माझें," अण्णा म्हणाले. "डावीकडे घे."