मायरनची फायरप्लेस

“यंदाचं नाताळचं जेवण माझ्या तळघरात! आणि आई कोट काढून जेवतील. पैज लावा!”

मायरन पांकिवने हे भर चर्चच्या पायऱ्यांवर जाहीर केलं. त्याचा मेव्हणा झेनॉन इतका हसला, की त्याला कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

हसण्याला कारण होतं. कॅनडातल्या डॉफिन गावात, मायरनच्या घरात वरच्या मजल्यावर पांकिवांचा नि झेनॉनकडचा सगळा गोतावळा मावायचा म्हणजे निम्म्यांना भिंतीवर टांगावं लागलं असतं. तळघर मात्र ऐसपैस, पण बर्फासारखं गार. एका नाताळात मायरनने तिथे लांबलचक टेबल मांडलं. सासूबाई खाली उतरल्या, कोटाची गुंडी गळ्यापर्यंत लावली, चार भिंतींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “जागा झकास आहे हो जावईबापू. बीट साठवायला.” पाच मिनिटांत अख्खी पंगत उठून झेनॉनकडे गेली! तेव्हापासून पंगतीचा मान झेनॉनचा, आणि मायरनच्या काळजाला त्याची टोचणी.

म्हणून फायरप्लेस. लाकडाची घ्यावी असं मायरनच्या मनात होतं.

“आणि धुराडं कुठून नेणार?” बायकोने, लेस्याने, विचारलं.

“सरळ वर. स्वयंपाकघरातून, मग बेडरूममधून, मग छपरातून.”

“बेडरूममध्ये तिथे माझं कपाट आहे!”

“कपडे गरम राहतील!”

लाकूड बाद झालं.

मग विजेची पाहिली. काचेमागे लाल दिवे लुकलुकतात, जाळ हलल्यासारखा दिसतो, पण ऊब मांजराच्या कुशीइतकी. “हिच्यापुढे आई कोट काढतील? वर शाल मागतील!” तीही बाद.

राहिली गॅसची. हिला धुराडं नको. पाइपात पाइप असतो. आतल्यातून गरम धूर बाहेर जातो, बाहेरच्यातून हवा आत येते. तळघराच्या छताजवळ, म्हणजे बाहेरून जमिनीलगत, भिंतीला भोक पाडायचं, की काम फत्ते. पण भोक कोणत्या भिंतीला? दक्षिणेला खिडकी, पूर्वेला गॅसचं मीटर, पश्चिमेला पुढचं दार. तिन्हीकडे धूर सोडायला मनाई.

“उत्तरेला!” मायरनने मांडीवर थाप मारली. “तिथे ऊन नाही, वाट नाही, कुत्रंसुद्धा फिरकत नाही!”

ही अक्कल स्वतःचीच, म्हणून त्याने आणखी कोणाला विचारलं नाही. थंडी पडायच्या आधी भोक पाडून पाइप बसवला, तोंडाला जाळी लावली. फायरप्लेस मात्र रखडत रखडत आली ती थेट पंगतीच्या आदल्या दिवशी. गॅसवाल्याने जोडून दिली, तपासली, “उत्तम!” म्हणाला आणि गेला.

पंगतीच्या दिवशी बाहेर उणे तीस. मायरनने दुपारपासूनच फायरप्लेस मोठी करून ठेवली. पहिली चांदणी दिसली, की जेवायला बसायचं अशी रीत; ती दिसली तशी मंडळी खाली उतरली. सासूबाई सगळ्यात पुढे. त्या थांबल्या. हवा हुंगली. एक गुंडी काढली. दुसरी काढली. कोट उतरला! मग स्वेटरसुद्धा! मायरनला वाटलं, फुगलेल्या छातीवरचं बटण तुटून झेनॉनच्या कपाळावर बसणार.

“आता बोल!” तो झेनॉनच्या कानात म्हणाला.

“जेवण होऊ दे,” झेनॉन पुटपुटला.

लेस्या पिरोह्या आणायला बाहेर गेली. बटाटा भरलेल्या, करंजीएवढ्या. तिने आणि सासूबाईंनी आठवडाभर खपून केलेल्या. फ्रीजमध्ये एवढ्या मावणार कुठे? गोठायला पत्र्याच्या मोठ्या टबात घालून, झाकण लावून बाहेर ठेवल्या होत्या.

बाहेरून किंकाळी आली.

“मायरन! माझ्या टबाखाली चूल कोणी पेटवली?”

लेस्या टब घेऊन आली. टबातून वाफा! आत एकही पिरोही उरली नव्हती. म्हणजे एकच उरली होती, टबाएवढी.

“तू टब ठेवला कुठे होतास?” मायरनचा आवाज चिरकला.

“उत्तरेच्या भिंतीला! दरवर्षी तिथेच असतो! तिथे ऊन नाही, वाट नाही, कुत्रंसुद्धा फिरकत नाही!”

“मला काय माहीत?”

“कसं माहीत असणार? वीस वर्षांत तुला पिरोही भेटली ती ताटात! आणि ती जाळी कसली म्हणून मी विचारलं तेव्हा काय म्हणालास? ‘तुला नाही कळायचं!’”

मायरनला हे आठवत नव्हतं, पण आपण असंच म्हणालो असणार याची त्याला खात्री होती.

झेनॉन तर उठूनच उभा राहिला. “चला माझ्याकडे! माझ्याकडच्या पिरोह्या सुट्ट्या आहेत!”

दोघाचौघांनी खुर्च्या सरकवल्या. गेली! याही वर्षी पंगत गेली! मायरन सासूबाईंकडे पाहत राहिला. त्या उठल्या, पण कोटाकडे वळल्या नाहीत, टबाकडे गेल्या. वाकून वास घेतला. बोटांनी एक तुकडा तोडला, तोंडात टाकला, डोळे मिटून चावला.

“शिजलीय,” त्या म्हणाल्या. “आतपर्यंत. लेस्या, सुरी आण. वड्या पाड आणि तेलात भरपूर कांदा परत. झेनॉन, बस खाली, उगाच वारा घालू नकोस.”

वड्या अशा काही संपल्या, की टब खरवडावा लागला. झेनॉननेच खरवडला! मायरन मात्र एकही घास नीट न खाता सासूबाईंच्या तोंडाकडे डोळे लावून बसला होता. शेवटी त्याला राहवेना.

“आई, फायरप्लेस कशी वाटली?”

सासूबाईंनी तोंड पुसलं, फायरप्लेस खालपासून वरपर्यंत न्याहाळली आणि मान डोलावली.

“चूल चांगली आहे हो जावईबापू. फक्त उलटी बसवलीस. निम्मी आच उगाच घरात येते.”

मायरन खूश झाला. वीस वर्षांत सासूबाईंनी त्याच्या एखाद्या वस्तूला प्रथमच ‘चांगली’ म्हटलं होतं, मग पुढचं ऐकायची गरज काय?