मोहाखालचे मौन

लेकीने पुण्यात अकराव्या मजल्यावर आईबाबांसाठी खोली तयार केली, पडदेसुद्धा लावले. ते ऐकून वासुदेवराव घाबरले आणि फोनवर बोलून गेले, "बेटा शुभांगी, मी निसर्गाशिवाय जगू नाही शकत!"

वाक्य छान जमले होते. अडचण एवढीच, की लेक काही बोलायच्या आत शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी उषाबाई हसल्या. लाखांदुरात जन्म काढून वासुदेवरावांनी जंगल पाहिले होते ते एसटीच्या खिडकीतून, तेही डुलकी लागली नसेल तर. त्यांचा खरा निसर्ग म्हणजे चौकातली पानटपरी. तिथे सकाळपासून जेवणाची हाक येईपर्यंत ते जे बोलत, ते अकराव्या मजल्यावर कोण ऐकणार? या विचाराने त्यांना खरोखर रडू येई. (पण हे कोणी लेकीला सांगते का?)

"निसर्ग म्हणे!" उषाबाई म्हणाल्या. "एक सकाळ तरी राहून दाखवा जंगलात. जंगलात पाय ठेवल्यापासून बारा वाजेपर्यंत तोंड नाही उघडलं, त पुन्याचं नावच नाही काढत मी. उघडलं, का बॅग भरून राहिली!"

"मंजूर! निसर्गात बुडायचं म्हणजे मौन पायजेच," वासुदेवराव म्हणाले. मोबाइलवरच्या कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी तसे ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते दिघोरीला उतरले आणि पायी जंगलात शिरले. चैत्राचे दिवस, जिकडेतिकडे पाचोळा. बसावे तर खाली काटा असेल, विंचू असेल. तेवढ्यात एका मोठ्या झाडाखाली अंगणासारखी झाडून लख्ख केलेली जमीन दिसली. निसर्गाने आपली इतकी सोय करावी, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. पिशवी बाजूला ठेवून ते मधोमध मांडी घालून बसले. डोक्यावर टप करून एक फूल पडले. मग आणखी एक.

मोहाची फुले वेचता यावीत म्हणून माणसे झाडाखालची जमीन झाडून ठेवतात, हे तालुक्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असते. वासुदेवराव हेडक्लार्क होते.

"कोन हाय गा? आमच्या मोहाखाली काहून बसला?"

समोर टोपल्या घेऊन गोदावरीबाई आणि त्यांची सून रुपा उभ्या होत्या. वासुदेवरावांनी तोंड उघडले, पुण्याचे पडदे आठवले, तोंड मिटले. मग निसर्गाशी एकरूप होत आहोत हे कळावे म्हणून त्यांनी दोन्ही हात आभाळाकडे नेले.

"वरच्याबिगर कोनी नाही म्हनते बिचारा," रुपा हळहळली.

त्यांनी पोटावर हात ठेवून दीर्घ श्वसन करून दाखवले.

"उपाशी बी हाय!"

"मुका हाय गरीब," गोदावरीबाई म्हणाल्या. "पन बसून कोनाले खायले भेटत नाही बाप्पा. हे घे." आणि त्यांनी टोपली हातात दिली.

वासुदेवराव फुले वेचू लागले. सुरुवातीला कंबर ओरडत होती आणि पोटात एक अख्खे भाषण अडकून बसले होते. पण बोलायचेच नाही म्हटल्यावर हळूहळू कान मोकळे झाले. फुले पडत होती, लांब कुठेतरी मोर ओरडत होता, पळसाच्या पानांतून वारा जात होता. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच ते दुसऱ्या कोणाचे तरी ऐकत होते, आणि त्यांना ते आवडले. रुपाच्या डब्यातला भात आणि टमाटरची चटणी खाऊन त्यांनी घड्याळ पाहिले, तर साडेबारा! पैज जिंकल्याचे सांगायला ते तसेच उठून घराकडे धावत सुटले.

घरी उषाबाई पुण्याची बॅग उघडूनच बसल्या होत्या.

"एक शब्द नाही बोललो मी, तुझी शपथ!"

"तुमी? साक्षीले कोन होतं, मोर? आन् पिशवी कुठं हाय?"

पिशवी जंगलातच राहिली होती. साक्षीदार होत्या त्या दोघी, पण त्यांचे नावगाव विचारायलाही तोंड उघडले नव्हते. उषाबाईंनी त्यांचे स्वेटर घडी करून बॅगेत टाकले. आयुष्यात एकदाच गप्प राहिलो आणि तेही वाया गेले!

संध्याकाळी दारात गोदावरीबाई उभ्या. बाजाराला आल्या होत्या, हातात पिशवी. (पिशवीवर मार्करने नाव, हुद्दा आणि पूर्ण पत्ता लिहायची वासुदेवरावांची सवय. निवृत्त होऊन तीन वर्षे झाली, हुद्दा अजून तोच.)

"इथं मुका गडी राहते का वो बाई?"

"मुका?" बॅग भरता भरता उषाबाईंचा हात थांबला.

"सकाळपासून हू नाही का चू नाही! तीन टोपल्या मोहा वेचला. असा गडी मले जन्मात नाही भेटला."

"ऐक! ऐक!" वासुदेवराव आतून ओरडत आले.

"अगा माय! बोलते हा!" गोदावरीबाईंच्या हातून पिशवी पडली. "आमच्या मोहानं वाचा देली!"

मग वासुदेवराव जे सुरू झाले, ते निसर्ग, मौन, मोर आणि माणूस यांवर अर्धा तास थांबले नाहीत. गोदावरीबाईंनी बिचाऱ्यांनी सगळे ऐकून घेतले आणि हळूच उषाबाईंच्या कानाशी लागल्या.

"महिनाभर मोहा पडते बाई. रोज पाठवता का याले? पन सकाळी होता, तसाच पायजे."

उषाबाईंनी बॅगेतले स्वेटर काढून वासुदेवरावांच्या हातात ठेवले. सकाळी जंगलात गार असते.

"उद्यापासून पहिल्या एसटीनं पाठवते," त्या म्हणाल्या. "तसंही निसर्गाशिवाय जगू नाही शकत ते."